शाकारलेल्या होड्या आणि सुटलेली आगबोट

नागावच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी पाण्यात पडायला पैसे मोजावे लागतात. केळ्याच्या आकाराचा लांबोडा रबरी फुगा, त्यावर एकामागे एक टांग टाकून बसलेली पाच-सहा माणसे आणि पुढे दोरीने ओढणारी मोटरबोट. थोडे आत गेले की बोटवाला मुद्दाम आडवे वळण घेतो आणि अख्खी वरात पाण्यात जाते. किंकाळ्या, हसणे, नाकातोंडात खारे पाणी, आणि दोन मिनिटांत सगळे पुन्हा फुग्यावर. यात सहसा कुणाला काही होत नाही, कारण निघण्याआधीच चार गोष्टी झालेल्या असतात. अंगातल्या जाकिटाचे पट्टे आवळलेले असतात, माणसे मोजलेली असतात, पडणार हे बोटवाल्याला ठाऊक असते, आणि पडल्यावर बोट तिथेच थांबते. हेच पर्यटक सकाळी मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला समुद्र ओलांडून आलेले असतात, आणि त्या प्रवासात यातली एकही गोष्ट झाली असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. किनाऱ्यालगतच्या खेळाला जी शिस्त आहे ती खऱ्या प्रवासाला नसावी, हा विरोधाभास कालपरवाचा नाही. त्याला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येताना दिसतो: बोट सुटणार नाही, असे म्हणायचा अधिकार कुणाला होता?

आधी पडणे म्हणजे काय ते नीट पाहायला हवे. इथले पाणी उबदार आहे. १९१२ साली टायटॅनिकवरून पाण्यात पडलेल्यांना गारठ्याने मारले, तसे आपल्याकडे होत नाही. पोहता येणारा माणूस आपल्या समुद्रात काही तास तग धरू शकतो. इथे जीव जातो तो न दिसल्यामुळे. ताशी दहा सागरी मैलांनी जाणारी लाँच सेकंदाला पाच मीटर पुढे सरकते. कठड्यावरचा माणूस पडला, शेजारच्याने आरडाओरडा केला, तो इंजिनाच्या धडधडीतून सुकाणूवरच्या माणसापर्यंत पोचला, एवढ्यात एक मिनिट गेले तर पडलेला तीनशे मीटर मागे राहिलेला असतो. त्याचे फक्त डोके पाण्याबाहेर असते आणि लाट डोक्याहून उंच असते. म्हणून जाणते खलाशी एकाला कामच देतात: त्याने दुसरे काहीही करायचे नाही, दोर फेकायचा नाही, वल्हे धरायचे नाही, पडलेल्या माणसाकडे बोट रोखून नुसते बघत राहायचे. नजर हलली की माणूस गेला. पावसाळ्यात भर म्हणजे बाजूंच्या ताडपत्र्या खाली सोडलेल्या असतात, त्यामुळे आत बसलेल्यांना बाहेरचे काही दिसत नाही, आणि बोट कलंडलीच तर ज्या वाटेने उडी मारायची तीच वाट बांधलेली असते. अंगावर नऊवारी किंवा धोतर असेल तर ते भिजून पायात गुंडाळते. एकदा पाण्यात गेल्यावर माणसाच्या हाती फार थोडे उरते. जे काही करायचे ते धक्क्यावर करावे लागते.

जुन्या लोकांनी धक्क्यावर करायची सगळ्यात मोठी गोष्ट केलेली होती. ज्येष्ठ लागला की होड्या वर ओढायच्या आणि झापांनी शाकारायच्या. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ दर्याला देईपर्यंत त्या पाण्यात लोटायच्या नाहीत. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या कोळीवाड्यांत आजही हे दृश्य दिसते. घर शाकारावे तशीच होडी शाकारलेली असते, उपडी नव्हे, सुलटी, ओंडक्यांचे टेकू दिलेली. सरकारने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी घातली आहे. ती कायद्याच्या भाषेत नवी, पण कोळ्याला त्यात नवे काही नाही. आणि हा केवळ गरिबाच्या लहान होडीचा नियम नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच गलबते चांगल्या बंदरात नेऊन छावणीला लावावीत, असे ते बजावते. ज्या आंग्र्यांच्या नावाने परदेशी कप्तान दचकत असत, त्यांच्या कुलाब्यातली गलबतेही पावसाळ्यात खाडीत विसावत. दर्यावर्दी असणे म्हणजे बाराही महिने समुद्रात असणे, अशी त्यांची समजूत नव्हती.

यावर कुणी म्हणेल की ही सगळी काळजी लाकडाची आणि शिडांची होती, माणसांची नव्हे; गलबत फुटले तर पैसा बुडतो म्हणून छावणी. आक्षेप खरा आहे. पण त्याने माझे म्हणणे कमी होत नाही, उलट पक्के होते. होडीचा मालक, तिचा तांडेल आणि तिच्यावर चढणारा माणूस, हे त्या काळी बहुधा एकाच घरचे किंवा एकाच वाड्यातले असत. होडी गेली तर घर जाई. त्यामुळे नको म्हणणाऱ्याचा फायदा आणि जाणाऱ्याचा जीव एकाच बाजूला होते. शिवाय नको म्हणायची जबाबदारी एकट्या माणसावर नव्हती; ती तिथीने घेतली होती. ज्येष्ठात होडी का काढत नाहीस, असे तांडेलाला विचारायची सोय नव्हती. समुद्राची भीती या किनाऱ्याच्या स्मृतीत फार खोल आहे. बेने इस्रायली या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावला लागले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरले. (हे नवगाव अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या बाजूचे; दक्षिणेचे नागाव वेगळे. नावे जवळजवळची असल्याने लिहिणारे नेहमी घोटाळा करतात.) ज्या समाजाचा इतिहासच फुटलेल्या गलबतापासून सुरू होतो, तो समाज ज्या किनाऱ्यावर रुजला, तिथे ज्येष्ठात समुद्राला हात जोडून मागे फिरणे हा भित्रेपणा मानला जात नसे.

वाफेने ही घडी मोडली. आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती, आणि म्हणून तिला पहिल्यांदाच वेळापत्रक लावता आले. वेळापत्रक ही दिसायला निरुपद्रवी गोष्ट. पण तिने प्रश्नच उलटा केला. पूर्वी निघायला कारण लागे, आता न निघायला कारण लागू लागले. तिकिटे विकली आहेत, माणसे बोचकी घेऊन धक्क्यावर उभी आहेत, शेजारच्या कंपनीची बोट सुटली आहे. अशा वेळी कप्तानाने केवळ आभाळाकडे बघून थांबायचे म्हणजे मालकाला जाब द्यायची तयारी हवी. ८ नोव्हेंबर १८८८ला शेफर्ड कंपनीची 'वैतरणा' कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे गेली, एकही वाचला नाही. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. दिव्यांवर खर्च झाला होता. चौकशीत निघाले ते असे की जीव वाचवायच्या होड्या आणि साधने माणसांच्या मानाने अपुरी होती. हीच गोष्ट टायटॅनिकच्या बाबतीत चोवीस वर्षांनी उघड झाली, तेव्हा जगातल्या सत्ता लंडनमध्ये जमल्या आणि १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. वैतरणेवरच्या लग्नाच्या वऱ्हाडांसाठी आणि परीक्षेला निघालेल्या पोरांसाठी कुणी जमले नव्हते.

आता 'रामदास'. स्वदेशीच्या वाऱ्यावर उभी राहिलेली आणि लोकांनी 'माझी आगबोट कंपनी' असे आपलेपणाने नाव दिलेली ही कंपनी, आणि तिच्या बोटींना संतांची नावे. तुकाराम, रामदास अशा नावाच्या बोटीवर पाय ठेवताना कोकणी माणसाला धीर वाटे, हे समजण्यासारखे आहे. १७ जुलै १९४७, गुरुवार. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' मुंबईहून रेवसला निघाली. आषाढ सरत आला होता आणि अमावास्या लागत होती, म्हणजे घरी जाणाऱ्यांची गर्दी होती आणि त्याच कारणाने समुद्राला उधाणही होते. बोट काही जुनाट डबा नव्हती. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली, चारशे टनांवरची आगबोट. ज्या किनाऱ्यावर मचव्यांनी प्रवास होत आला होता तिथे ती भक्कमच म्हणायची. रेवसची फेरीही भर दर्यातली नव्हे, मुंबई बंदराच्या तोंडातून पलीकडच्या खाडीच्या तोंडापर्यंतची, तासा-दीड तासाची. काशाच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्यात ती एका अंगावर कलली, भेदरलेली माणसे एका बाजूला धावली, आणि पाहता पाहता ती बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, म्हणून असेल कदाचित, पण देशाच्या आठवणीत ही बोट तरंगली नाही. अलिबाग, पेण, उरणच्या घराघरांत मात्र ती अजून बुडते आहे.

त्या सकाळचे दोन तपशील मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईपासून काही मैलांवर, जवळजवळ नजरेच्या टप्प्यात, एवढी माणसे पाण्यात पडली आणि मुंबईला ते कळायला दुपार उलटली. पोहत किनारा गाठलेल्यांनी तोंडी ही बातमी आणली. दुसरा असा की जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी वाचवले. मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या होड्यांनी मासळी दर्यात टाकली आणि त्या जागी माणसे भरली. हे औदार्य आठवणीत ठेवावे असेच आहे, पण त्याचा हिशेबही मांडायला हवा. जीव वाचवायची जी काही व्यवस्था त्या दिवशी होती ती कुणी नेमलेली नव्हती, ती योगायोगाने जवळून चालली होती. आणि आणखी एक तिथी पाहावी. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या अखेरीला पडली. जुन्या नियमाने मोजले तर 'रामदास' समुद्र उघडण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी निघाली होती.

प्रवासीच एका बाजूला धावले म्हणून बोट उलटली, हे वाक्य 'रामदास'बद्दल बोलताना हमखास ऐकू येते. मला ते मान्य नाही. धावले हे खरे. पण शंभर माणसे म्हणजे सहा टन वजन, आणि ते सहा टन लाट आल्यावर स्वतःच्या पायांनी जागा बदलू शकते, ही गोष्ट बोट बांधणाऱ्याला, तिला परवाना देणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला आधीपासून माहीत असते. धान्याची पोती भरली तर ती सरकू नयेत म्हणून बांधतात. माणसे बांधता येत नाहीत, म्हणूनच किती घ्यायची, कुठे बसवायची, वरच्या डेकवर किती चढू द्यायची, हे ठरवावे लागते. घाबरलेल्या माणसाने धावणे हा निसर्ग आहे. लाटेने उंच होणे हाही निसर्गच. दोघांनाही दोष देऊन चौकशी संपवता येते, एवढाच त्या वाक्याचा उपयोग.

माझ्या बाजूने मांडलेल्या तिथीच्या युक्तिवादालाही एक भोक आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 'रामदास'च्याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी, ११ नोव्हेंबर १९२७ला बुडाल्या. 'वैतरणा'ही नोव्हेंबरातलीच. म्हणजे दिवाळी उलटून गेलेली, समुद्र रीतीप्रमाणे उघडा. अलीकडचे पाहा. १४ मार्च २०२०ला गेटवेहून मांडव्याला येणारी 'अजंठा' मांडव्याच्या जवळ कलली. गस्तीवरच्या पोलिसांच्या बोटीने तिच्यावरच्या ८८ जणांना उतरवून घेतले, एकही जीव गेला नाही. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची इंजिनाच्या चाचणीसाठी काढलेली वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे गेली. मार्च आणि डिसेंबर, दोन्ही महिने पावसाळ्याबाहेरचे. तेव्हा ज्येष्ठ-आषाढ टाळला की झाले, असे नाही. पंचांग वादळ सांगत नाही, आणि दुसऱ्या बोटीचे सुकाणू तर मुळीच नाही. मग जुन्या रिवाजातून घेण्यासारखे काय उरते? महिना नव्हे, तर महिन्याच्या आड उभा असलेला तो नकार: ज्याला भाडे मिळत नाही अशा कुणाच्या तरी हातातला, आणि ज्याच्याशी धक्क्यावर वाद घालता येत नाही असा.

'नीलकमल'चा परवाना ८४ प्रवासी आणि सहा खलाशी एवढा होता. प्रत्यक्षात शंभराहून अधिक माणसे चढली होती. गर्दीमुळे टक्कर झाली नाही, ती नौदलाच्या बोटीमुळे झाली, मग गर्दीचा मुद्दा इथे कशाला, असे तेव्हा विचारले गेले. टक्कर कशाने झाली आणि माणसे किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर नौदलाकडे मागायला हवे आणि ते कडकपणे मागायला हवे. पण बोट कलल्यावर कुणाच्या अंगात जाकीट होते, ते काढायला हात पोचत होता का, बाहेर पडायच्या वाटेत किती माणसे होती, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गेटवेच्या पायऱ्यांवर टक्कर होण्याआधीच ठरून गेले होते. 'अजंठा' आणि 'नीलकमल' यांच्यात फरक पडला तो पोलिसांची बोट हाकेच्या अंतरावर असण्याचाही. १९४७ची कोळ्यांची होडी आणि २०२०ची गस्तीची बोट यांच्यात एवढीच प्रगती की दुसरी निदान नेमलेली होती.

'नीलकमल'नंतर लाइफ जाकीट घालणे सक्तीचे झाले, आणि लगेच तक्रारही सुरू झाली: लोकच घालत नाहीत, घामाने कुबट वास येतो, फोटो चांगला येत नाही. या तक्रारीत तथ्य आहे. पण तोच प्रवासी दोन तासांनी नागावला त्याच घामट जाकिटाचे पट्टे निमूट आवळून घेतो, कारण तिथे ते घातल्याशिवाय फुग्यावर बसू देत नाहीत. लोकांचा स्वभाव गेटवे ते नागाव एवढ्या अंतरात बदलत नाही. बदलतो तो नाही म्हणणारा माणूस. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. बोटीत मोजकीच माणसे घ्यायची आणि हवा बिघडली की फेरी रद्द करायची, तर भाडे वाढते आणि गरिबाची वाट बंद होते. खाड्यांवर पूल नव्हते त्या काळी तर पावसाळ्यात रेवसची बोट हीच कोकणी माणसाची मुंबईशी जोडणारी नाळ होती. हे नाकारता येत नाही. 'रामदास'वर चढलेली माणसे हौशी नव्हती. पण गरज होती म्हणूनच त्यांच्यासाठी नकार देणारा कुणीतरी हवा होता. ज्याला जायचेच आहे तो स्वतः स्वतःला थांबवू शकत नाही. तिसरे म्हणणे असे की मुंबई-गोवा महामार्गावर याहून कितीतरी अधिक माणसे मरतात, मग समुद्राचाच बाऊ कशासाठी? रस्त्यावरचा अपघात एकेकटा येतो, समुद्रावरचा एका फटक्यात गावेच्या गावे रिकामी करतो, हा एक फरक. आणि महामार्ग वाईट आहे म्हणून धक्काही वाईट असू द्यावा, असे त्यातून निघत नाही.

शहाणा नकार म्हणजे समुद्र बंद ठेवणे नव्हे, हे मांडव्याच्या रो-रो सेवेने दाखवले आहे. मार्च २०२०मध्ये सुरू झालेली ही बोट मोटारी आणि शेकडो प्रवासी एकदम नेते. जूनपासून गेटवे-मांडवा लाँच बंद होतात तेव्हाही ती चालते, आणि हवा बिघडली की त्या दिवशीची फेरी रद्द करते. फेरी रद्द झाली की मांडव्याच्या धक्क्यावर मोटारींच्या रांगेत चिडचिड होते, ती साहजिकच आहे. पण गेल्या दीडशे वर्षांत या किनाऱ्यावर झालेला खरा बदल पाहायचा असेल तर तो बोटीच्या आकारात नाही, त्या रद्द झालेल्या फेरीत आहे. लाकडी लाँचना तो बदल अजून लागू व्हायचा आहे. तिथे तिकीट फाडणारा आणि 'आता पुरे' म्हणणारा माणूस अजूनही बहुधा एकच असतो. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड १९९६पासून आहे; धक्क्यावर माणसे मोजणारा, कंपनीचा पगार न घेणारा, बोट थांबवू शकणारा एक माणूस प्रत्येक फेरीला उभा करणे त्याला अशक्य नाही.

तो उभा राहीपर्यंत मोजायचे काम तुमच्याकडे आहे. परवान्याचा आकडा लाँचवर रंगवलेला असतो. तो वाचा, बाकांवर नजर टाका, आणि माणसे जास्त दिसली तर चढू नका. पुढची लाँच येते, आणि मांडव्याहून अलिबाग गाठले की नागावला जायला संध्याकाळपर्यंत एसटी मिळते.